खेळाचें मैदान, सांथ आणि लस

वादविवादाच्या सभेंत एखादा विषय फार लवकर तापूं लागला, कीं समजावें, त्या एका विषयाच्या पोटांत दोन-तीन निरनिराळे विषय दडलेले आहेत आणि वक्ते एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच प्रश्नास देत आहेत. ‘धंदेवाईक खेळाडूस लस सक्तीची असावी काय?’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे. २०२० सालीं कोविड-१९ ची सांथ आपल्या देशांत पसरली, तेव्हांपासून त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली; आमच्या वरच्या वर्गांतील मुलांमुलींतही त्यावर मोठ्या हिरीरीनें वाद झडतात. वाद झडावे, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र रोग एकापासून दुसऱ्यास कसा जातो, लस काय करते व काय करीत नाहीं, आणि कामाच्या जागीं कोणीं कोणाची काळजी वाहावयाची, या तिन्ही गोष्टींचा असा गुंता होतो कीं, शेवटीं टाळ्या कोणास मिळाल्या एवढेंच लक्षांत राहतें. पहिल्या दोन गोष्टींचा निर्णय प्रयोगशाळेनें द्यावयाचा आहे. तिसरीचा निर्णय कोणतीही प्रयोगशाळा देऊं शकत नाहीं.

एखादे पालक विचारतील, भंडारा जिल्ह्यांतील मुलांनीं मुंबईच्या क्रिकेटपटूंची एवढी चिंता कां करावी? त्यांस आमचें उत्तर असें कीं, खेळ हा ज्याचा धंदा आहे, त्याचें मैदान ही त्याची कामाची जागा होय. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, वरठीचा पोलादाचा कारखाना, गांवोगांवच्या भाताच्या गिरण्या, या जशा कामाच्या जागा, तशीच वानखेडे मैदान हीही एक. आमच्या विद्यार्थ्यांतून कसोटीवीर किती निघतील, हें सांगवत नाहीं. पण कोठें ना कोठें नोकरी, मजुरी अगर कारागिरी करणारे तर बहुतेक सर्वच निघतील. माझ्या कामाच्या जागीं मला रोग लागला, तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांचाही आहे.

आतां रोग कसा पसरतो तें पाहूं. या रोगाचा विषाणु मुख्यतः श्वासावाटे जातो. आजारी मनुष्य बोलतो, खोकतो, गातो किंवा धापा टाकतो, तेव्हां त्याच्या तोंडांतून व नाकांतून अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांपैकीं जड ते जवळच खालीं पडतात, हलके ते बंद खोलींत बराच वेळ तरंगत राहतात. उघड्या मैदानावर वारा त्यांस उडवून लावतो. एवढें ध्यानांत धरून आपल्या दोन आवडत्या खेळांची तुलना करा. कबड्डींत चढाई करणारा गडी ‘कबड्डी, कबड्डी’ असा घोष करीत प्रतिपक्षाच्या अंगणांत शिरतो. तो सांपडला म्हणजे चार-पांच गडी त्याच्या अंगावर पडतात, आणि सर्वांचीं तोंडें वीतभर अंतरावर येतात. श्वासावाटे जाणाऱ्या विषाणूस याहून सोयीचा खेळ शोधूनही मिळावयाचा नाहीं. क्रिकेटांत उलट, अकरा गडी केवढ्या तरी मोकळ्या जागेंत विखुरलेले असतात. मग क्रिकेटपटूंस हा रोग इतक्या वेळां कां जडला? कारण तो त्यांस बहुधा मैदानावर जडलाच नाहीं. संघाची बस, पोशाख बदलण्याची खोली, हॉटेलांतील जेवणाची जागा, विमानतळ, रुग्णालयांतील तपासणीची खोली, हीं त्याचीं खरीं ठिकाणें होत. कामाच्या जागेचा विचार करतांना जें काम डोळ्यांस दिसतें, तेवढीच जागा धरून चालत नाहीं, हा येथील धडा खाणीस व गिरणीसही लागू आहे.

चेंडूस थुंकी लावून चकाकी आणण्याची गोलंदाजांची जुनी संवय मात्र मैदानावरचीच. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें २०२० च्या जून महिन्यांत ती तात्पुरती बंद केली व २०२२ च्या ऑक्टोबरपासून कायमची बंद केली. आमच्या येथील आयपीएल स्पर्धेपुरती ही बंदी २०२५ सालीं उठविण्यांतही आली. या नियमाचा उपयोग पुढें होणार आहे, म्हणून तो लक्षांत ठेवावा.

आणखी एक अडचण अशी कीं, विषाणु शरीरांत शिरल्यापासून रोगाचीं लक्षणें दिसेपर्यंत कांहीं दिवस जातात, आणि लक्षणें दिसण्याच्या आधींही मनुष्य दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणजे आज ‘रोग नाहीं’ असा निकाल आला, तरी उद्यां तो येणार नाहीं, याची हमी नाहीं. म्हणूनच खेळाच्या व्यवस्थापकांनीं खेळाडूंभोंवतीं एक अदृश्य कुंपण घातलें. त्यास सर्वत्र ‘बायो-बबल’ म्हणत. कुंपणाच्या आंत येतांना कांहीं दिवस विलग राहावयाचें, वारंवार तपासणी करून घ्यावयाची आणि बाहेरच्यांशीं संबंध ठेवावयाचा नाहीं. २०२० सालची आयपीएल स्पर्धा संयुक्त अरब अमिरातींत अशाच कुंपणांत १९ सप्टेंबरपासून १० नोव्हेंबरपर्यंत निर्विघ्न पार पडली. त्यामुळें कुंपणावरचा विश्वास वाजवीपेक्षां अधिक वाढला, असें आमचें मत आहे.

२०२१ सालीं स्पर्धा ९ एप्रिलला भारतांतच सुरू झाली. मुंबईसह सहा शहरांत सामने ठरले. स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधींच बातमी आली कीं, वानखेडे मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्या-मजुरांपैकीं आठ-दहा जण बाधित आहेत. खेळपट्टीवर पाणी मारणारे, गवत कापणारे, रूळ फिरविणारे हे लोक. खेळाडू तारांकित हॉटेलांतील कुंपणांत, आणि त्यांच्या पायांखालची जमीन तयार करणारे कुंपणाच्या बाहेर, अशी ती व्यवस्था होती. प्रेक्षकांवांचून सामने झाले. त्याच आठवड्यांत आपल्या नागपुरांत रुग्णालयाची खाट मिळणें दुरापास्त झालें होतें व प्राणवायूसाठीं नातेवाईक वणवण फिरत होते, हें या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांस सांगावयास नको. अशा वेळीं स्पर्धा चालूं ठेवावी कीं न ठेवावी, यावर तेव्हां फार मतभेद होता. घरांत कोंडलेल्या जनतेस तेवढाच विरंगुळा, असें एक पक्ष म्हणे. लोक प्राणवायूवांचून तळमळत असतां हा उत्सव शोभत नाहीं, असें दुसरा म्हणे. आमच्या दृष्टीनें दोन्ही पक्षांनीं एक साधा प्रश्न विचारला नाहीं: आंत काम करणारांपैकीं ‘मी उद्यांपासून येत नाहीं’ असें म्हणण्याची मुभा कोणास आहे? रविचंद्रन अश्विन यांच्या घरचीं माणसें आजारी पडलीं, तेव्हां ते एप्रिलच्या अखेरीस स्पर्धा सोडून घरीं गेले. कित्येक परदेशी खेळाडूही निघून गेले. त्यांनीं योग्यच केलें. रोजावर काम करणारा मजूर असें करील, तर त्याच्या घरीं चूल कशी पेटावी?

३ मे रोजीं कोलकात्याच्या संघांतील दोन गोलंदाज बाधित आढळले. चेन्नईच्या संघाच्या बातमींत गोलंदाजीच्या शिक्षकाबरोबर त्या संघाची बस स्वच्छ करणाऱ्या नोकराचाही उल्लेख होता. ४ मे रोजीं हैदराबाद व दिल्ली या संघांतही रोग दिसला आणि त्याच दिवशीं स्पर्धा थांबविण्यांत आली. तोंवर साठांपैकीं २९ सामने झाले होते. उरलेले ३१ सामने पुढें सप्टेंबर-ऑक्टोबरांत पुन्हां अमिरातींत खेळविले गेले.

येथें वादविवाद करणारे बहुतेक विद्यार्थी एक तारीख विसरतात. ‘खेळाडूंनीं लस घेतली असती, तर हें झालें नसतें,’ असें ते ठांसून सांगतात. परंतु आपल्या देशांत लस देण्याचें काम १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झालें तें आरोग्यसेवकांपासून. १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांस ती मिळूं लागली. आणि अठरा वर्षांवरील सर्वांस ती खुली झाली १ मे रोजीं, म्हणजे स्पर्धा थांबण्याच्या अवघ्या तीन दिवस आधीं. बहुतेक खेळाडू पंचेचाळिशीच्या आंतले. त्यांनीं लस नाकारली नव्हती. त्यांची पाळीच आली नव्हती. जी वस्तु मिळत नाहीं, तिची सक्ती कशी करणार? लस पुण्यास तयार होत होती, तरी मागणी एवढी होती कीं, साध्या गृहस्थास तिच्यासाठीं दिवसचे दिवस खेटे घालावे लागत होते. अशा वेळीं धडधाकट खेळाडूंस रांगेच्या पुढें काढावें काय, हाही एक नीतीचाच प्रश्न होता.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत इंग्लंडमध्यें दुसरा प्रसंग घडला, आणि आमच्या मतें तो अधिक बोधप्रद आहे. भारतीय संघानें तोंवर लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. तरीही ओव्हल येथील कसोटी चालूं असतांना मुख्य शिक्षक रवि शास्त्री बाधित आढळले. मागाहून इतर शिक्षकांस व मँचेस्टरच्या सामन्यापूर्वीं संघाच्या एका शुश्रूषकासही रोग आढळला. खेळाडूंची तपासणी निर्दोष होती. परंतु त्या शुश्रूषकानें अनेकांच्या अंगास हात लावून उपचार केले होते. खेळाडू मैदानावर उतरावयास तयार झाले नाहींत आणि १० सप्टेंबर रोजीं सुरू व्हावयाचा पांचवा सामना त्याच सकाळीं रद्द झाला. तो पुढें २०२२ च्या जुलैमध्यें बर्मिंगहॅम येथें खेळला गेला. इंग्लंडांत टीका झाली कीं, आयपीएलच्या पैशासाठीं हे खेळाडू कचरले. असेल वा नसेल. मनांतील हेतु मोजण्याचा तराजू आम्हांजवळ नाहीं. पण विद्यार्थ्यांनीं हें पाहावें कीं, धोक्याचें काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क येथें प्रत्यक्ष बजावला गेला, आणि तो बजावतां आला, याचें कारण ते खेळाडू बलवान् होते.

दोन्ही मात्रा घेऊनही रोग कां आला? लस म्हणजे तटबंदी नव्हे. ती शरीरांतील रक्षक शक्तीस शत्रूची ओळख करून देते. मग खरा शत्रु आला असतां ती शक्ति लवकर व जोरानें त्याच्यावर तुटून पडते. त्यामुळें कोविडची लस घेतलेल्यांत गंभीर आजार व मृत्यु यांचें प्रमाण पुष्कळच घटलें. याविषयीं शास्त्रज्ञांत दुमत नाहीं. परंतु नाकाघशांत विषाणूनें थोडा वेळ ठाण मांडावें व तेथून दुसऱ्याकडे जावें, हें तिनें कांहीं अंशींच थांबविलें, आणि तेंही कांहीं महिन्यांनीं कमी होत गेलें. २०२१ च्या अखेरीस ‘ओमिक्रॉन’ नांवाचा नवा प्रकार आला, तेव्हां तर लस घेतलेल्यांसही रोग सर्रास होऊं लागला. त्याच सुमारास बंगळुरांत प्रेक्षकांवांचून एकाच ठिकाणीं चाललेल्या प्रो-कबड्डीच्या स्पर्धेंत, जानेवारी २०२२ मध्यें, दोन संघांत इतके गडी बाधित झाले कीं, सामन्यांचें वेळापत्रक बदलावें लागलें.

सर्वच लशी सारख्या नसतात, हें विसरूं नये. देवीची लस घेतलेल्या मनुष्यापासून देवी पुढें जाण्याचा मार्गच जवळजवळ बंद होई. म्हणून गांवोगांव लस टोचून व रोग्यांभोंवतीं वेढा घालून तो रोग पृथ्वीवरून नाहींसा करतां आला व १९८० सालीं तसें जाहीरही झालें. उलट १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या वेळीं कोणतीच लस हातांत नव्हती, एवढेंच नव्हे, तर रोगाचा विषाणुही कोणास ठाऊक नव्हता. मनुष्यांतील तो विषाणु वेगळा काढला गेला १९३३ मध्यें. मुंबईस आलेली ती सांथ आगगाडीच्या वाटेनें देशभर पसरली, हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, आणि सर्वांत अधिक मृत्यु झालेल्या प्रांतांत आपला भंडारा जिल्हा ज्यांत मोडे, तो मध्यप्रांत होता.

लशीविषयीं शंका घेणाऱ्यास मूर्ख म्हणून उडवून लावणें, ही वादविवादांतील आळशी रीत होय. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला (तो विषाणूचा नव्हे, जंतूचा रोग), तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं तेथेंच लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत, जे कैदी आपण होऊन पुढें आले, त्यांना ती दिली. आतां तुरुंगांतील कैदी कितपत ‘आपण होऊन’ पुढें येऊं शकतो, याचा विचार वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा. करारानें बांधलेला खेळाडू व रोजावरचा मजूर यांसही तोच प्रश्न थोड्या सौम्य रूपानें लागू पडतो. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं हीच लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. एकाच बाटलींतील लस दूषित झाली होती. हाफकिन यांच्यावर दोष आला, आणि तो दूर व्हावयास १९०७ साल उजाडावें लागलें. लस चांगली असली, तरी बाटली, सुई आणि हात यांची निष्काळजी माणसें मारते; सबब ‘आम्हांस खात्री द्या’ असें म्हणणारा मनुष्य समाजाचा शत्रु ठरत नाहीं. कोविडच्या कांहीं लशींनींही अतिविरळ प्रसंगीं रक्ताच्या गुठळ्या झाल्या, हें मान्य करूनच त्यांचा कितीतरी मोठा लाभ सांगावा. लपवून सांगितलेलें सत्य पुढें उघडकीस आलें, म्हणजे बाकीच्या सत्यावरचाही विश्वास उडतो.

आतां सक्तीकडे वळूं. अनुकूल पक्ष नेहमीं खाणीचा दाखला देतो. खाणींत उतरणाऱ्यास शिरस्त्राण घालावेंच लागतें. ‘डोकें माझें आहे’ असें म्हणून तें नाकारतां येत नाहीं. मग लस कां नाकारावी? दाखला चांगला आहे, पण पुरा नाहीं. शिरस्त्राण पाळी संपल्यावर खुंटीस टांगतां येतें. चेंडूस थुंकी न लावण्याचा नियम, आपण वर पाहिलेंच, मागें घेतां येतो. टोचलेली लस परत काढतां येत नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२२ मध्यें, शंभर किंवा अधिक नोकर असलेल्या कारखान्यांवर घातलेला लस अगर तपासणीचा सरकारी नियम रोखतांना हाच भेद दाखविला. शिवाय, हा रोग कामाच्या जागेइतकाच घरीं, बाजारीं व शाळेंतही होतो, असेंही म्हटलें. त्याच महिन्यांत टेनिसपटू नोव्हाक जोकोविच यांस लस न घेतल्यावरून ऑस्ट्रेलियानें परत पाठविलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं तेथें येऊन तीच स्पर्धा जिंकली.

आपल्या देशाचा निर्णय याहून अधिक बारकाईचा आहे व तो प्रत्येक वक्त्यानें वाचावा. २ मे २०२२ रोजीं न्यायमूर्ति नागेश्वर राव व आपल्या विदर्भांतील अमरावतीचे न्यायमूर्ति भूषण गवई यांनीं सांगितलें कीं, कोणाच्याही शरीरांत बळानें लस घालतां येणार नाहीं. मात्र सर्वांच्या आरोग्यासाठीं सरकार प्रमाणशीर बंधनें घालूं शकेल. आणि त्या वेळीं उपलब्ध माहितीप्रमाणें लस न घेतलेल्यापासून इतरांस होणारा धोका लस घेतलेल्यापेक्षां अधिक असल्याचें पुढें आलें नसल्यानें, केवळ न घेणाऱ्यांवर घातलेलीं बंधनें प्रमाणशीर ठरत नाहींत. येथें पाहा, प्रयोगशाळेचा निकाल न्यायासनापुढें कसा उपयोगी पडला! लस दुसऱ्यास वांचवीत असेल, तर सक्तीचा पक्ष बळकट होतो. ती मुख्यतः घेणाऱ्यास वांचवीत असेल, तर तो दुबळा होतो. देवीच्या लशीची सक्ती योग्य मानणारा मनुष्य कोविडच्या लशीची सक्ती अयोग्य मानूं शकतो, आणि त्यांत विसंगति नाहीं.

आमचें स्वतःचें मत विचाराल, तर खेळाडूवर सक्ती नसावी, पण मालकावर असावी. लस, तपासणी व औषधोपचार हीं मालकानें सर्वांस फुकट व वेळेवर पुरवावीं, बस व खोल्या हवेशीर ठेवाव्या, आणि आजारी पडणाऱ्याचा रोज बुडूं देऊं नये. रोज बुडण्याच्या भीतीनें मनुष्य ताप लपवितो, आणि लपविलेला ताप कोणतेंही कुंपण ओलांडतो. २०२२ सालची आयपीएल २६ मार्चपासून मुंबई, नवी मुंबई व पुणें येथेंच भरविली. साखळीचे सत्तरही सामने आपल्या महाराष्ट्रांत झाले. दिल्लीच्या संघांत पुन्हां रोग शिरला. पुण्याचा त्यांचा सामना मुंबईस ब्रेबॉर्न मैदानावर हलवावा लागला. पण स्पर्धा थांबली नाहीं. याचें सारें श्रेय लशीस देणारे विद्यार्थी घाई करतात. बहुतेकांस तोंवर लस मिळाली होती हें खरें, पण पुष्कळांस रोगही होऊन गेला होता व रोगाचा नवा प्रकारही तितका घातक नव्हता; तिन्ही कारणें एकत्र होतीं.

तेव्हां अनुकूल पक्षानें यापुढें सभेंत येतांना शिरस्त्राणाच्या दाखल्यावर विसंबून न राहतां, लस घेतलेल्या संघाचा सामना मँचेस्टरास कां रद्द झाला, याचें उत्तर तयार ठेवावें. प्रतिकूल पक्षानें व्यक्तिस्वातंत्र्याचें स्तोत्र गाऊन भागणार नाहीं. ज्याच्या शेजारीं बसून खेळाडू प्रवास करतो तो बसचा चालक, आणि ती बस मागाहून पुसणारा नोकर, यांनीं ‘आमच्या स्वातंत्र्याचें काय?’ असें विचारल्यास त्यांस काय सांगणार, तें त्यानें आधीं लिहून आणावें.